किल्ल्याची वही

मंगळवार आणि शुक्रवार हे माझे तुरुंगात जायचे दिवस. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इंदूरकडच्या एका तुरुंगात मी शिक्षा झालेल्या बंद्यांचा साक्षरतेचा वर्ग घेते. तुरुंगाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. त्या मंगळवारी रामबागेतल्या घरून मी निघायच्या आतच फोन आला, "मॅडम, आज जरा लवकर या. मराठी वाचून हवंय."

उपअधीक्षकांच्या टेबलावर एक वही होती. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, पाठ उसवलेली म्हणून कांबळ्याच्या लोकरीनं शिवलेली. एका नंबरदारानं, म्हणजे बॅरकवर देखरेखीला नेमलेल्या कैद्यानं, खबर दिली आणि सकाळच्या तलाशीत ती अंथरुणाखाली सापडली. मधल्या दोन पानांवर बॉलपेननं काढलेला नकाशा. पाच बुरूज, दोन दरवाजे. एका दरवाजाशी लिहिलेलं, "पायऱ्या १७, म्हातारा दरवान". कडेला, "पहारा बदल : दिवे लागल्यावर". आणि खाली, दोनदा अधोरेखित, "भुयार नगारखान्याखाली. फक्त आतून उघडतं."

"ये तो जेल का नक्शा है, मॅडम."

साहेबांचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. त्यांना मी दोष देत नाही. २०१६ च्या दिवाळीच्या रात्री भोपाळच्या सेंट्रल जेलमधून आठ जण एका प्रहरीचा खून करून, चादरींच्या दोरानं भिंत चढून पळाले. मध्य प्रदेशातला कुठलाही जेल अधिकारी ती रात्र विसरलेला नाही.

मी तासभर वाचत बसले. ही पळून जायची योजना नव्हती. एका किल्ल्यात दुष्काळ पडलाय, विहिरीला कुलूप आहे, किल्लेदार आजारी आहे आणि चार माणसांना पाणी मिळवायचंय. एक पाणक्या, एक वैद्य, एक नगारजी, एक नकल्या. प्रत्येकाच्या नावापुढे ताकद, बोलणं, धीर यांचे आकडे. मग नियम. एखादी गोष्ट साधते की नाही हे चार अर्धे चिंचोके टाकून ठरवायचं, पांढरी बाजू वर आली तर बरं, काळी आली तर वाईट.

वही लिहिणारा पोरगा माझ्याच वर्गात मदतीला बसतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात असताना आत आला, दहा वर्षांची शिक्षा. भंवरकुआंकडच्या होस्टेलवर ते असले खेळ खेळायचे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि आपलं पात्र काय करेल ते ज्याचं त्यानं बोलून दाखवायचं. हा प्रकार अमेरिकेत १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावानं पहिल्यांदा छापून विकायला आला. ह्यानं त्यातले राक्षस काढले आणि दुष्काळ घातला.

"मराठीत का लिहिलंस रे?" मी विचारलं.

"बाई, हिंदीत लिहिलं तर सगळे वाचतील. भुयार कुठंय ते आधीच कळलं तर खेळायचं काय?"

साहेबांना हे उत्तर पटलं, आणि त्यानंच ते जास्त अस्वस्थ झाले. एक जण सगळं जाणतो, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात. त्यांच्या हिशेबात टोळी अशीच सुरू होते.

त्या रात्री मी घरी शोधत बसले. जिथून हा खेळ निघाला, त्याच विस्कॉन्सिन राज्यात हेच भांडण कोर्टात गेलेलं आहे. वॉपन इथल्या तुरुंगात जन्मठेपेच्या एका कैद्याकडून २००४ साली खेळाची पुस्तकं आणि त्यानं हातानं लिहिलेली ९६ पानं काढून घेतली. कारण दिलं तेच, एकाच्या सांगण्यावर बाकीचे चालतात, म्हणजे टोळीची सवय लागते. तो फेडरल कोर्टात गेला आणि २०१० मध्ये अपिलातही हरला. या खेळातून तिथे टोळी झाली, असं एकही उदाहरण तुरुंगाकडे नव्हतं. न्यायाधीश म्हणाले, ते लागतच नाही. अधिकाऱ्यांच्या भीतीला तर्काचा आधार असला की पुरे.

मला हे अजिबात मान्य नाही. भीतीला तर्काचा आधार लावायचाच म्हटला तर कशालाही लागतो. भजनात एक पुढे म्हणतो आणि बाकीचे मागे. क्रिकेटला कप्तान असतो. आणि नंबरदार, ज्याच्या सांगण्यावर अख्खी बॅरक उठते बसते, तो तर आपणच नेमलेला असतो!

दुसरी वही मला आपल्याकडे सापडली, आणि तीही मराठी. कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या म्हणाले, तर सरकारनं नकार दिला. ते उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले, मग सरकार अपिलात गेलं. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं अपील फेटाळलं. जे नियमात मना केलेलं नाही ते अडवायचा अधिकार तुम्हाला नाही, असा त्याचा अर्थ. स्थानबद्ध वेगळा, शिक्षा झालेला वेगळा, हे मला कळतं. तरी शुक्रवारी मी तो निकाल छापून नेला. साहेबांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "खेळून दाखवू दे. माझ्यासमोर."

वाचनालयाच्या खोलीत चौघं आणि तो पोरगा जमिनीवर बसले. साहेब खुर्चीवर, मी दाराशी. वर्तमानपत्राच्या कागदावर चिंचोके. चिंच अंगणातलीच, सोलून फरशीवर घासून घासून गुळगुळीत केलेले. पोरगा हिंदीत सांगू लागला. दिवे लागले, पहारा बदलला, दुसऱ्या दरवाजाच्या वरच्या पायरीवर म्हातारा दरवान पेंगतोय.

पाळी पाणक्याची होती. हा पन्नाशीचा माणूस, खरगोनकडचा शेतकरी. बांधाच्या भांडणात भावकीतला एक जण ह्याच्या हातून गेला, म्हणून जन्मठेप. वर्गात तो अक्षरं गिरवतो आणि फारसं बोलत नाही.

"मैं उसको बाजू में कर देता हूं," तो म्हणाला. "धीरे से."

त्यानं चिंचोके टाकले. चारही काळे.

पोरगा थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग नियमाप्रमाणे सांगितलं की दरवानाचा तोल गेला, तो सतरा पायऱ्या खाली पडला आणि आता हलत नाही. खोलीत कुणी बोलेना. पाणक्याचा हात कागदावर तसाच उघडा राहिला होता, तळव्यावर कुदळीचे जुने घट्टे.

"काका, फिर से डाल दो," पोरगा घाईघाईनं म्हणाला. "चलेगा."

"नहीं. गिर गया तो गिर गया." बराच वेळ गेला. मग त्यानं विचारलं, "उसके घर में कौन-कौन है?"

वहीत हे लिहिलेलं नव्हतं. पोरानं तिथल्या तिथे रचलं, बायको, एक सून, लहान नातू. उरलेला सगळा वेळ पाणक्या त्या घरी जाण्यात गेला. दारात काय बोलायचं ते त्याला जमेना. तीनदा सुरुवात करून तो थांबला. पाणी, विहीर, किल्लेदार सगळं बाजूला पडलं आणि बाकीचे तिघं, एरवी पाळीसाठी हमरीतुमरीवर येणारे, गप्प बसून होते. गिनतीची वेळ झाली तेव्हा साहेबच आधी उठले.

पुढचे दोन आठवडे पाणक्या माझ्या वर्गाला आला नाही. ते दिवस मला जड गेले. जखमेवरची खपली आपण काढायला लावली का? तुरुंगात समुपदेशक रोज नसतो, रात्री बॅरकला टाळं लागलं की माणूस आणि त्याचं मन. हा खेळ निरुपद्रवी आहे असं मी साहेबांना म्हटलं होतं. ते खरं नव्हतं. पण हाच माणूस खाली मान घालून सगळी वर्षं काढेल आणि त्या घराच्या दारात मनानंसुद्धा कधी उभा राहणार नाही, यात कसला सुधार? आम्ही शिक्षा मोजतो, चांगल्या वर्तणुकीची सूट मोजतो. आपल्या हातून काय झालं हे स्वतःच्या तोंडानं म्हणायला आम्ही त्यांना कधी जागा देतो? म्हणून मी लेखी अर्ज दिला, आणि त्यात खेळ जड जाऊ शकतो हेही लिहिलं.

परवानगी मिळाली, अटींवर. रविवारी जेवणानंतर दोन तास, वाचनालयातच, दार उघडं. गोष्ट सांगणारा दर महिन्याला बदलायचा. ही अट मीच सुचवली होती, कारण साहेबांच्या भीतीत तेवढं तथ्य मला दिसत होतं. चिंचोके मोजून वाचनालयात जमा. वही परत आली ती प्रत्येक पानावर आकडा आणि सही घेऊन. नकाशाची दोन पानं तेवढी कापून ठेवून घेतली.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम गेले. पोरगा नकाशा आठवून सांगू लागला, बुरूज पाच, नगारखाना डावीकडे. मधेच अडला. दुसऱ्या दरवाजाच्या पायऱ्या किती, ते त्यालाच आठवेना. नगारजी म्हणाला बारा, वैद्य म्हणाला पंधरा.

पाणक्या दाराशी येऊन उभा होता. कधी आला ते आम्हाला कळलं नव्हतं.

"सतरह," तो म्हणाला, आणि आत येऊन आपल्या जागी बसला.