टोयोटा पिकअपचं पुढचं सस्पेन्शन काढून सलग अ‍ॅक्सल बसवताना

माझी पिकअप १९९० सालची, २२आरई या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची, गिअर हाताने टाकायचे. कॅलिफोर्नियात जुन्या टोयोटा अजून भरपूर दिसतात, पण रुबिकॉन ट्रेल या तिथल्या खडकाळ ऑफ-रोड वाटेला नेणारे लोक १९८५ पर्यंतचं मॉडेल शोधतात, कारण त्याला पुढे सलग अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच कडक दांडा, असतो. १९८६ पासून टोयोटाने अमेरिकेतल्या या पिकअपला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) आणि टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) दिले. हायवेवर गाडी छान चालते, यात वाद नाही. दगडांत मात्र एक चाक वर गेलं की दुसरं हवेत लोंबकळतं, आणि स्टिअरिंगच्या जोडणीतला आयडलर आर्म सारखा ढिला होतो. सलग अ‍ॅक्सलमध्ये एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. आपल्याकडच्या महिंद्राच्या एमएम ५४० जीपला पुढे-मागे हेच होतं.

भंगारवाड्यातून १९८५ च्या पिकअपचा पुढचा अ‍ॅक्सल आणला. तो उघडून धुणं, सील आणि बेअरिंग बदलणं हे वेळखाऊ पण सोपं काम. फक्त नकलच्या (अ‍ॅक्सलच्या टोकाला चाक वळवणाऱ्या भागाच्या) बेअरिंगचा ताण नीट बसवावा लागतो. नकलच्या आर्मला स्प्रिंगकाटा अडकवून ओढायचं आणि नकल फिरायला लागताना काटा किती दाखवतो ते बघायचं. साधारण ३ ते ६ किलो हवं. कमी आलं तर शिम (पातळ चकती) काढायची, जास्त आलं तर घालायची. माझ्या वेल्डर मित्राला हे नाजूक काम बघून हसू आलं, पण काटा धरायला तोच बसला.

गाडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवल्यावर आधी टॉर्शन बारचा ताण सोडला. तो तसाच ठेवून कापाकापी करणं म्हणजे जिवाशी खेळ. मग चॅसीवरचे सगळे ब्रॅकेट ग्राइंडरने उतरवले. दिवसभर ठिणग्या, आणि संध्याकाळी नाकात काळी धूळ. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आधी वेल्डच्या छोट्या टाक्यांवर ठेवले, दोन्ही कर्ण मोजले आणि मगच पूर्ण वेल्ड केले.

खरं डोकं खाल्लं ते स्टिअरिंगने. जुन्या सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) पुढे-मागे ढकलते, त्यामुळे पाटे दबले की चाकं आपोआप वळतात. आमच्या गाडीच्या स्टिअरिंग बॉक्सचा पिटमन आर्म (बॉक्समधून निघून लिंक हलवणारा हात) आडवा फिरतो, म्हणून तोच बॉक्स ठेवून लिंक उजव्या नकलपर्यंत नेली. चॅसी आतून पोकळ असल्याने बोल्ट कसला की पत्रा चेपतो. म्हणून बॉक्सच्या बोल्टसाठीच्या चॅसीच्या प्रत्येक भोकात पोलादी नळी घालून वेल्ड केली. हे काम दिसत नाही, पण यात हात आखडता घेणाऱ्याच्या गाडीत मी तरी बसणार नाही.

दुसरी डोकेदुखी कोनांची. पिनियन (अ‍ॅक्सलचा, प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो तो गिअर) वर उचलला तर पुढच्या प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट सुखात राहतात, पण कॅस्टर (नकलच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ राहत नाही. दोन्ही हवे असतील तर हाउसिंगच्या टोकांचे नकलचे गोल कापून, फिरवून परत वेल्ड करावे लागतात. आम्ही तेच केलं. दिवस जास्त गेले, पण पाट्याखाली पाचर घालून निभावण्यापेक्षा हे बरं.

बाकीचं भराभर झालं: लांब ब्रेक होज, नवे शॉक माउंट, ३५ इंची टायर. मागचा अ‍ॅक्सल पुढच्यापेक्षा सुमारे ३ इंच रुंद असल्याने पुढे दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाचे स्पेसर घातले. टायर मोठे म्हणून अ‍ॅक्सलमधले क्राउन-पिनियन गिअर दोन्हीकडे ५.२९ गुणोत्तराचे. पुढे-मागे गुणोत्तर वेगळं असेल तर फोर-व्हील लावताच सगळं जाम होतं.

लून लेक या तळ्याच्या बाजूने रुबिकॉनला शिरलो तेव्हा एका पायरीसारख्या खडकावर डावं चाक चढलं आणि उजवं जमिनीलाच राहिलं. आधी याच जागी विंच (गाडी दोराने ओढणारं यंत्र) लागायची. हायवेवर मात्र गाडी आता ट्रकसारखी उसळते, बायको म्हणते तू एकटाच जा. प्रत्येक ट्रेलनंतर स्टिअरिंग आर्मचे स्टड कसून बघावे लागतात, ते ढिले होतात. त्यासाठीचा टॉर्क पाना आता सीटमागेच असतो.