त्वचेच्या कर्करोगाचा प्रतिबंध विद्यार्थ्यांना शिकवताना : माझा अनुभव

विद्यापीठातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी त्वचेच्या कर्करोगाच्या प्रतिबंधावर सत्र घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मी आलेख आणि शस्त्रक्रियेनंतरची छायाचित्रे गोळा करून तासाभराचे व्याख्यान तयार केले. सत्रापूर्वी आणि सत्रानंतर भरून घेतलेल्या प्रश्नावलीतील उत्तरे इतकी सुधारली होती, की काम फत्ते झाले असे मला वाटले. महिन्याभराने मात्र त्याच विद्यार्थ्यांना, गेल्या आठवड्यात उन्हात जाताना तुम्ही नेमके काय केले, असे विचारले आणि बहुतेकांनी काहीच केले नसल्याचे कळले. हे माझ्या मनाला फार लागले.

पुढच्या सत्राआधी मी काही विद्यार्थ्यांशी निवांत बोलले. हा उतारवयाचा आजार आहे, असे काहींचे म्हणणे होते. सावळ्या वर्णाच्या अनेकांना तो आपल्याला होतच नाही असे वाटत होते. या दुसऱ्या समजुतीत तथ्य आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे बोलणे मला अप्रामाणिक वाटले, कारण मेलॅनिन या त्वचेतील रंगद्रव्यामुळे सावळ्या त्वचेला अतिनील किरणांपासून बरेच संरक्षण मिळते आणि अशा त्वचेत या कर्करोगाचे प्रमाण खरोखरच कमी असते. परंतु अशा व्यक्तींना मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा घातक कर्करोग झाला, तर तो अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो आणि तिकडे कोणी लक्ष देत नसल्याने निदानाला उशीर होतो. गायक बॉब मार्ली यांचा 1981 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी मृत्यू झाला, तो पायाच्या अंगठ्यापासून सुरू झालेल्या मेलानोमामुळे. तळपायावरच्या या प्रकाराला ऊन हे मुख्य कारण नसते, त्यामुळे तिथे सनस्क्रीनचा उपयोग नाही; नियमित पाहणे हाच उपाय आहे, हेही मी स्पष्ट सांगू लागले.

दुसरे सत्र मी मैदानात, भर दुपारी सुरू केले. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर अतिनील किरणे तीव्र आहेत असे समजावे, हा नियम पायाशी पडलेल्या सावलीकडे पाहून कळायला अर्धा मिनिटही लागले नाही. मग आम्ही प्रयोगशाळेत गेलो. सनस्क्रीनचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा, दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर धरून मोजलेला असतो, म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाला 200 मिलिग्रॅम लागते. प्रत्येकाने हातावर तसा चौकोन आखला, नेहमीच्या सवयीने जेवढे घेतले असते तेवढे सनस्क्रीन आधी तराजूवर ठेवले आणि आकडा पाहून बहुतेक जण चकित झाले, कारण ते निम्म्यालाही पोहोचत नव्हते. एसपीएफ 30 आणि 50 यांमधील फरक यूव्हीबी (त्वचा भाजणाऱ्या अतिनील) किरणांच्या सुमारे 97 आणि 98 टक्के अडवणुकीएवढाच आहे, पुरेसा थर आणि दर दोन तासांनी पुन्हा लावणे याला अधिक महत्त्व आहे, हे त्यानंतर वेगळे पटवावे लागले नाही.

सनबेडबद्दल, म्हणजे कृत्रिम अतिनील किरणांनी त्वचा सावळी करणाऱ्या यंत्राबद्दल, एका विद्यार्थिनीने विचारले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2009 मध्ये सनबेडला तंबाखूच्याच, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, एवढे सांगणे पुरले.

तिळांची तपासणी मात्र मी वर्गात करून घेतली नाही, कारण शरीर दाखवायला कोणावरही दडपण येऊ नये. असमान आकार, अनियमित कडा, एकाहून अधिक रंग, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा व्यास आणि काळानुसार बदल, ही लक्षणे सांगून घरी आरशासमोर पाहण्यास आणि शंकास्पद तिळाचे मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र काढण्यास सांगितले. आठवड्याने एक विद्यार्थी असे छायाचित्र घेऊन आला. मी त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. तीळ निरुपद्रवी निघाला, तेव्हा त्याच्याइतकाच मलाही आनंद झाला.

या वेळी महिन्याने विचारले, तेव्हा टोपी आणि लांब बाह्यांचे कपडे वापरणारे काही जण भेटले, आणि खेळाडूंच्या एका गटाने प्रशिक्षकांशी बोलून दुपारचा सराव संध्याकाळी हलवला होता. सराव हलवण्याची गोष्ट माझ्या प्रश्नावलीत कुठेच नव्हती. पुढच्या वर्षासाठी तो प्रश्न मी पहिल्या क्रमांकावर घातला आहे.