बाळाच्या क्रोशाच्या ब्लँकेटचा लॉग: गरोदरपणाचा आठवडा २४ ते ३७, आणि बधिर झालेली बोटं

आठवडा २४

मैत्रिणींनो, सुरुवात केली एकदाची. ४ एमएमची सुई, कॉटनचा दोरा, १५० साखळ्या आणि सगळीकडे फक्त मुका खांब (बुटका, गच्च बसणारा टाका), कारण मला घट्ट, गच्च वीण आवडते आणि बाळाची बोटं भोकात अडकायला नकोत असं डोक्यात होतं. रोज दीड-दोन तास बसते. संध्याकाळी बोटं थोडी जड वाटतात, अंगठी निघेना म्हणून साबण लावून काढली आणि ठेवून दिली (तुमचीही घट्ट व्हायला लागली असेल तर वेळेत काढा, नंतर फार त्रास होतो). बाकी सगळं छान. ११ ओळी झाल्या.

आठवडा २६

रात्री तीनला जाग आली ती उजव्या हाताच्या मुंग्यांनी. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट पार बधिर, करंगळी मात्र एकदम ठीक. हात झटकला की दोन मिनिटात बरं वाटायचं, झोप लागायची आणि तासाभराने परत तेच. सकाळी ब्रश धरताना बोटं लाकडासारखी.

मी लगेच क्रोशाला दोष दिला. चार दिवस सुईला हात लावला नाही, फार जिवावर आलं होतं. पण चार दिवसांनी रात्री तशाच्या तशा! दिवसा काम बंद आणि तरी रात्री मुंग्या, हे काही जुळेना, म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आधी विचारलं कोणती बोटं, मग दोन्ही हातांचे पाठचे भाग एकमेकांना टेकवून मनगटं पूर्ण वाकवून एक मिनिट धरायला लावली. अर्ध्या मिनिटातच मुंग्या सुरू. कार्पल टनेल म्हणाल्या.

त्यांनी समजावलं ते मला फार उपयोगी पडलं म्हणून लिहिते. मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो, खाली हाडं आणि वर एक जाड पट्टा, आणि त्यातून बोटं वाकवणारे ९ टेंडन (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि एक नस, मीडियन नर्व्ह, असं सगळं दाटीवाटीने जातं. गरोदरपणात अंगात पाणी साठतं, आतली जागा कमी होते आणि बिचारी नस दबते. करंगळीची नस त्या बोगद्यातून जातच नाही म्हणून ती सुटते. आणि झोपेत आपण मनगट मुडपून हात उशीखाली नाहीतर हनुवटीखाली घेतो, त्याने दाब अजून वाढतो. म्हणजे मी ज्याला क्रोशाचं दुखणं समजत होते ते बरंचसं झोपेतल्या मुडपलेल्या मनगटाचं होतं. क्रोशा त्यात भर घालत होता, पण मूळ तिथे नव्हतं.

आठवडा २७

रात्रीची स्प्लिंट आली. आत एक कडक पट्टी असते, मनगट सरळ राहतं, बोटं आणि अंगठा मोकळे. पहिल्या दोन रात्री मी पट्टे गच्च आवळले, सकाळी हातावर वळ आणि बोटं जास्तच सुजलेली. तिसऱ्या रात्री सैल बांधली, पट्ट्याखाली एक बोट सहज जाईल इतकी, आणि हात शेजारी एका उशीवर ठेवला. पाचव्या रात्री मुंग्यांनी जाग आलीच नाही! (जाग आली ती बाथरूमला जायला, पण तो वेगळा विषय.) अजून एक, पट्टी मनगट मागे वाकवणारी नको, हात मिळवताना जसं सरळ असतं तसंच हवं. माझ्या स्प्लिंटची पट्टी जरा जास्त वर वळलेली होती, ती फिजिओथेरपिस्टने सरळ करून दिली आणि फरक लगेच कळला.

आठवडा २८ ते ३०

आता क्रोशाकडे. नवऱ्याला सांगून विणतानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून घेतला आणि बघून थक्क झाले. उजवं मनगट आत वळलेलं, सुई पेन्सिलीसारखी चिमटीत इतकी घट्ट की अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं. डाव्या हाताला दोरा करंगळीभोवती दोन वेढे, पहिलं बोट सतत ताठ वर. मांडीवरून घसरणाऱ्या ब्लँकेटचं वजन त्याच मनगटावर. तुम्हीही एकदा असा व्हिडिओ काढून बघाच, आपण कसं धरतो ते आपल्याला खरंच माहीत नसतं.

मग एकेक बदलत गेले, आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो दोऱ्याने. कॉटनला ताण नसतो, प्रत्येक टाक्याला सगळा जोर बोटांना लावावा लागतो, तेच मऊ लोकर-अ‍ॅक्रिलिक मिक्स दोरा थोडा ताणला जातो आणि सुई सुळकन बाहेर येते. सुई ५.५ एमएमची, जाड मऊ मुठीची घेतली. धरायची पद्धत पेन्सिलीची सोडून सुरी धरतो तशी केली, पहिले दोन दिवस टाके अगदी वेडेवाकडे आले पण हळूहळू हात बसला. मुक्या खांबाऐवजी साधे खांब, कारण एक खांब उंच असतो, तेवढ्याच उंचीला कमी टाके आणि मनगटाच्या कमी हालचाली. डाव्या हाताला दोऱ्याचा एकच वेढा.

आणि मोठा निर्णय म्हणजे ते १५० साखळ्यांचं ब्लँकेट उसवलं. वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण अखंड ब्लँकेट जसं वाढतं तसं वजन वाढत जातं आणि दर ओळीला ते फिरवायचं, ते या मनगटांना झेपणार नव्हतं. त्याऐवजी १२ सेंमीचे चौकोन, ६ बाय ८, एकूण ४८, म्हणजे जोडल्यावर ७२ बाय ९६ सेंमी. एक चौकोन हातात धरला तर वजन जाणवतच नाही.

टायमर १५ मिनिटांचा लावते, मग १० मिनिटं हात मोकळे. त्या वेळात फिजिओने शिकवलेलं करते: बोटं सरळ, मग फक्त वरची पेरं वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ, परत सरळ, असं सावकाश पाच वेळा. दुखेल इतकं ताणायचं नाही, मुंग्या वाढल्या तर थांबायचं. कोपरांखाली उशी घेतली की खांदेही उतरतात. ठणका लागला तर कापडात गुंडाळलेला गार पॅक १० मिनिटं. गोळीचं मात्र स्वतःच्या मनाने नको हं, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या २० आठवड्यांनंतर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायच्या नसतात, मी पॅरासिटामॉलसुद्धा विचारूनच घेतली.

आठवडा ३१

अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला नवीनच कळ. मुंग्या नाहीत, सरळ दुखणं, बाटलीचं झाकण फिरवताना जीव जातो. हे वेगळं निघालं, डी क्वेरव्हेन म्हणतात, अंगठा बाहेर ओढणारे टेंडन ज्या नळीतून जातात तिथे घासतात. सुरीची पकड मी अतिउत्साहात अंगठा दाबून धरत होते, त्याने हा भाग चिडला असणार. आठवडाभर सुई बंद, अंगठ्याला आधार देणारी वेगळी पट्टी, आणि मग अंगठा नुसता टेकवून, न दाबता. फिजिओ म्हणाल्या की बाळंतपणानंतर हे दुखणं जास्त उफाळतं कारण बाळाला आपण अंगठे फाकवून काखेत धरून उचलतो, त्यापेक्षा तळवे वर करून हात खाली सरकवायचे आणि वजन कोपरापर्यंतच्या हातावर घ्यायचं. आत्तापासून उशी घेऊन सराव करतेय.

आठवडा ३३

एका सकाळी दोन्ही हात एकदम फुगलेले, चेहराही जड. नेहमीची सूज म्हणून सोडलं नाही, लगेच फोन केला, त्याच दिवशी बीपी आणि लघवी तपासली, दोन्ही ठीक आली. पण हे लक्षात ठेवाच, अचानक सूज, त्यासोबत जोराचं डोकं दुखणं, डोळ्यापुढे चमकणं किंवा बरगडीखाली दुखणं असेल तर तो मनगटाचा प्रश्न नसतो, प्रीएक्लॅम्पसियाची (गरोदरपणात बीपी वाढून होणारा गंभीर आजार) शंका असते, वाट बघत बसायचं नाही. तसंच बधिरपणा दिवसभर जाईनाच किंवा अंगठ्यातला जोर जाऊन वस्तू हातातून पडायला लागल्या तरी डॉक्टरांना सांगायचं.

आठवडा ३७

४८ पैकी ४१ चौकोन तयार. दिवसाला दोनपेक्षा जास्त करत नाही, मन कितीही म्हणालं तरी. रात्री स्प्लिंट चालूच आहे, मुंग्या आठवड्यातून एखाद्या वेळी, बहुतेक दुपारी बिनस्प्लिंटची डुलकी काढली की. डॉक्टर म्हणतात बाळंतपणानंतर पाणी उतरलं की बहुतेकींचं आपोआप कमी होतं, काहींना आठवडे लागतात, काहींना महिने.

जोडणी राहिलीये. सुईदोऱ्याने शिवायचं ठरवलं होतं पण त्यात चिमूट फार लागते, म्हणून ५.५ च्या सुईनेच साखळी टाक्याने जोडणार, सपाट टेबलावर ठेवून, म्हणजे वजन टेबल घेईल. एक रांग जोडून बघितली, कडा जरा उठून दिसतात पण मला आवडल्या. ज्यांनी चौकोन जोडलेत त्यांनी सांगा, आधी सगळ्या आडव्या रांगा करू की जसे जमतील तसे, आणि हातावर कमी ताण कशात येतो?