भातुकलीतला पाट

वळकटीत एक पाट होता. भातुकलीतला, वीतभर, एका कोपऱ्याचा लाल रंग उडालेला. कार्तिकीला निघायच्या आदल्या रात्री लेकीनं तो स्वतः कोंबला. वय साडेपाच. आरतीतली विठोबाची अठ्ठावीस युगं तिला मोजता येत नाहीत, पण उभं राहणं कळतं. रेशनच्या रांगेत दहा मिनिटं झाली की "उचलून घे" सुरू. "बाबा, ह्याच्यावर बसव की त्याला. थोडा वेळच." मी होय म्हणून बसलो. पोराला होय म्हणायला काय जातं?

काकती, हत्तरगी, संकेश्वर. कुठली रात्र कुठल्या गावात, आता लागत नाही. हमरस्त्यावर ट्रकची हवा अंगावर येते, अभंगाची अर्धी ओळ ती घेऊन जाते. दिंडीत एका गृहस्थांचा टाळ कायम अर्ध्या मात्रेनं मागं. पहिल्या दिवशी हसू आलं, तिसऱ्या दिवशी तो टाळ विहिरीत टाकावासा वाटला. हरिपाठाला डोळे भरायचे, आणि तासाभरात शेजारच्याच्या घोरण्यानं तोंडात शिव्या.

चिकोडी सोडली त्या दुपारी डाव्या टाचेनं घात केला. फोड रुपयाएवढा. दिंडी पुढं गेली. कारखाने सुरू झालेले, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर गाणी लावून जात होते. मी चिंचेखाली बसलो. समोरच्या घरातून एक अज्जी आली आणि "कुंद्री, कुंद्री" म्हणाली. बसलेल्या माणसाला बसा म्हणत होती. माझं कन्नड बाजारापुरतं, एष्टु आणि साकु, किती आणि पुरे. तिचं मराठी 'माऊली' एवढंच.

तिनं माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मी ओढला, तिनं हातावर चापट मारली. सुईत काळा दोरा ओवून फोडातून आरपार काढला, दोरा आतच ठेवला, पाणी झिरपू दिलं. वर तेलात कालवलेली हळद. पायाला फडकं बांधावं म्हणून पिशवी उपसली तर पाट बाहेर पडला. तिनं भुवया उंचावल्या. आता हे कसं सांगणार? मी कमरेवर हात ठेवून दाखवले, मग पाटावर थोपटलं. "मगळु?" तिनं विचारलं. लेक. मी मान हलवली. ती हसली नाही. पदरानं पाट पुसला, आत नेला, कुंकवाचं बोट लावून आणला. सोबत ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. मी "साकु, साकु" म्हणत राहिलो, ती वाढत राहिली. निघताना तीच माझ्या पाया पडली. माझ्या आईपेक्षा थोर बाई. वारीत हे चालतं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंकलीत पोचलो तेव्हा पंगत उठलेली. आषाढीला माऊलींचे घोडे निघतात ते हे गाव. चोपदार बोलले. बोलू देत. कृष्णेवरचा पूल, मांजरी, कागवाड, मिरज.

सांगोल्याच्या अलीकडं विणेकरी बाबांना पाटाचं सांगितलं. ते म्हणाले, "बसवतोस कुणाला? यात्रेत त्याची झोपसुद्धा बंद. पलंग काढतात, चोवीस तास दर्शन. पाठीशी लोड देतात तेवढाच. रुक्मिणीला तक्क्या. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा झाली की मग शेजारती." त्या रात्री मला झोप आली नाही. लेक त्याला बसवायला निघालेली, आणि आम्ही एवढे सगळे चालत निघालेलो ते त्याला जागं ठेवायला.

पंढरीत रांग, रात्र, पुन्हा रांग. समोर क्षणभर. तुळशीच्या हारांमागं लोड काही दिसला नाही. पाट पिशवीतच राहिला.

वाळवंटातून फोन केला.

"बसला?"

"टेकलाय. लोडाला."

ती गप्प. मग, "त्याला उभं कुणी केलंय?"

"पुंडलिकानं. आईबाबांचे पाय चेपत होता, म्हणून वीट टाकली आणि म्हणाला थांब."

"झाले की चेपून! पुंडलिकाला सांग ना मग."

पुंडलिकाचं देऊळ पात्रातच, हाकेच्या अंतरावर. तिथंही रांग होती. शेपूट कुठं आहे ते विचारलं, पिशवी पोटाशी धरली आणि उभा राहिलो.