टाकणखार

सांगलीत बसून समुद्राचा गाळ चिवडतो म्हटलं की पाहुणे हसतात. पण पोटापाण्याचं कामच ते. पोरं रत्नागिरीला भाट्ये खाडीच्या तोंडाशी अमावस्येची ओहोटी गाठतात, पाइपचा तुकडा रुतवून गाळ काढतात, वर फॉर्मॅलिन ओततात आणि बरण्या आंबा घाट चढून आमच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये येतात. तिथून पुढे मी. लॅब असिस्टंट, पंचवीस वर्षं.

५०० मायक्रॉनच्या चाळणीतून जे खाली जातं आणि ६३ च्या चाळणीवर अडतं, ते आमचं. रोझ बेंगाल हा रंग घातला की जीव गुलाबी होतात, वाळू तशीच राहते. लुडॉक्स नावाच्या जड द्रावात ढवळलं की सूत्रकृमी आणि कोपेपॉड, म्हणजे झिंग्याच्या जातकुळीतले चिमुकले जीव, वर तरंगतात. चुन्याच्या कवचाचे, एकाच पेशीचे फोरॅम जड, ते तळाला बसतात, म्हणून तळही चिमूट चिमूट घेऊन बघायचा. हे सांगून दमलो. वरचं मोजतात, तळ बेसिनमध्ये.

ऑगस्टची बरणी नोव्हेंबरात उघडली. पीएचडीची पोरगी म्हणाली, "काका, सूत्रकृमी आहेत. पण फोरॅम शून्य, ऑस्ट्रॅकॉडपण शून्य." ऑस्ट्रॅकॉड म्हणजे चुन्याच्या दोन झडपांत राहणारे बारीक जीव.

सर जाता जाता म्हणाले, "पावसाळा आहे. काजळी नदीचं गोडं पाणी येतं. लिही शून्य."

सरांचं अगदीच खोटं नव्हतं. पावसाळ्यात खारटपणा पडतो, लाटा गाळ उपसतात, जीव कमी होतात आणि पाऊस सरला की पुन्हा भरतात. पण कमी होणं वेगळं आणि साफ होणं वेगळं. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून किती वर्षं झाली, ते मी लिहीत नाही.

तळ मीच घेतला. वाळूच्या कणाएवढी एक शिंपली दिसली. सुई टेकवली तर खडूसारखी चुरली. तिच्या शेजारी गुलाबी, मऊ, चेपलेली पिशवी. सुईने उलटी केली तर कडेला पायांचे बारीक काटे. ऑस्ट्रॅकॉडच, पण कवच गेलेला. घाईत मोजणारा कचरा म्हणूनच सोडणार.

"टाकणखार घातलावतास का गं?"

ती गप्प.

फॉर्मॅलिन नुसतं ठेवलं की त्यात हळूहळू फॉर्मिक ॲसिड तयार होतं, मुंगीच्या डंखातलं. ते तीन महिने चुना खात बसतं. टाकणखाराने, म्हणजे बोरॅक्सने, ते मरतं. त्याच दिवशीची, रंग न घातलेली फॉर्मॅलिनची बाटली कपाटात होती. निळा लिटमस बुडवला, लाल.

जुलैत टाकणखार संपल्याची चिठ्ठी मीच दिली होती. ती तीन कोटेशनांसाठी अडली. मग कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं पाणी इशाऱ्याच्या ४० फुटांकडे सरकायला लागलं आणि सगळं गावच नदीकडे बघत बसलं. अहो, सराफकट्ट्यावर कुठल्याही सोनाराकडे मूठभर मिळतो! पण मूठभराला जीएसटीचं बिल कोण देणार?

ऑगस्टचे आकडे पोरीने खोडले. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते चालतं.

पण परवा जुनं रजिस्टर काढलं. गेल्या वर्षीच्या ऑगस्टलाही फोरॅम शून्य. तेव्हा टाकणखार होता की नव्हता, आठवत नाही. बरणी बघावी म्हटलं, तर ती मार्चमध्येच रिकामी करून धुतलेली. नोंद माझ्याच अक्षरात.