तुम्ही विचारलंत म्हणून : ठरलेल्या कुस्तीत रडण्यासारखं काय असतं?

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी हा प्रश्न काढतंच, कारण तोवर माझ्या तोंडून लुचा लिब्रेचा, म्हणजे मेक्सिकोतल्या मुखवटेवाल्या कुस्तीचा, विषय निघून गेलेला असतो आणि चंदेरी मुखवट्यातल्या एका माणसाचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. "मॅम, पण कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं ना? मग लोक एवढे जीव तोडून ओरडतात, रडतात, ते कशासाठी? आणि तुम्हाला त्यात एवढं काय दिसतं?" माझं माहेर कोल्हापूरचं. तिथे हाच प्रश्न जरा कडक भाषेत येतो. खासबागेतल्या कुस्त्या बघत वाढलेली पोरगी नुरा कुस्तीच्या नादी लागली, हे माझ्या काकांना अजून पटलेलं नाही.

तर आधी सरळ उत्तर. हो, निकाल ठरलेला असतो. मेक्सिको सिटीच्या अरेनात बसलेल्या आजीबाईंनाही ते पक्कं ठाऊक असतं. पण पणाला लावलेली वस्तू हरली की ती खरोखरच जाते. तिथे पैजेच्या कुस्त्या होतात, मुखवट्याविरुद्ध मुखवटा किंवा मुखवट्याविरुद्ध केस. जो हरतो त्याने तिथल्या तिथे, हजारो लोकांसमोर, मुखवटा उतरवायचा. मग त्याचं खरं नाव, त्याचं गाव आणि तो किती वर्षं लढतोय हे जाहीर होतं. दुसऱ्या दिवशी चेहरा वर्तमानपत्रात. त्या नावाने पुन्हा मुखवटा चढवायला नियमाने बंदी. हरणाऱ्याला त्या रात्रीचे पैसे चांगले मिळतात, पण दहा-पंधरा वर्षं जपलेला चेहरा एका रात्रीत सगळ्यांचा होतो. हे नाटक म्हणून होत नाही, त्या माणसाच्या बाबतीत ते घडतं. लोक रडतात ते याला.

हा मुखवटा आला कुठून, तेही सांगते. मेक्सिकोत या कुस्तीचा संघटित धंदा साल्वादोर लुतेरोत यांनी 1933 मध्ये उभा केला. पुढच्याच वर्षी एका अमेरिकन पैलवानाला चेहरा झाकून लढायचं होतं. तो गेला अंतोनियो मार्तिनेस नावाच्या चांभाराकडे. हे मार्तिनेस लेओनचे, आणि लेओन म्हणजे मेक्सिकोतलं चपला-बुटांचं गाव. त्यांनी गिऱ्हाइकाच्या डोक्याची सतरा मापं घेतली आणि शेळीच्या कातड्याचा मुखवटा शिवला. पावलाची मापं घेणाऱ्या हातांनी डोक्याची मापं घेतली. आजही चांगला मुखवटा हातात घेऊन पाहिलात तर ते बुटाचं काम ओळखू येतं. मागून नाडी ओवलेली असते, ती बुटाच्या नाडीसारखीच खालून वर आवळत न्यायची. डोळ्यांच्या खाचांना दुहेरी शिवण असते, नाहीतर प्रतिस्पर्ध्याच्या एका हिसक्यात कड उसवते. घामाने भिजला की तो कातडीला चिकटतो आणि श्वास निम्मा होतो. मी एकदा बांधून पाहिला आहे. दोन मिनिटांत काढावासा वाटतो.

आता त्या फोटोतला माणूस. रोदोल्फो गुझ्मान उएर्ता, जन्म 23 सप्टेंबर 1917, इदाल्गो राज्यातलं तुलान्सिंगो हे गाव. सात भावंडांत पाचवा. तो लहान असतानाच घर मेक्सिको सिटीत आलं. बेसबॉल, मग जुजुत्सू, मग कुस्ती. 1930 च्या दशकात तो आखाड्यात उतरला तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. आधी स्वतःच्या नावाने लढला, मग 'लाल माणूस' झाला, मग 'काळा राक्षस'. पुढे त्याने 'दुसरा वटवाघूळ' हे नाव घेतलं, तर मूळ 'वटवाघूळ' असलेल्या वेलास्केस या पैलवानाने कुस्ती आयोगाकडे तक्रार केली आणि ते नावही गेलं. अखेर 1942 मध्ये हेसुस लोमेली नावाच्या प्रशिक्षकाने चंदेरी पोशाखातला पैलवान उभा करायचं ठरवलं आणि त्याच्यापुढे तीन नावं ठेवली: संत, सैतान, देवदूत. त्याने संत निवडलं. एल सांतो.

आणि हा संत लढायचा खलनायक म्हणून! लुचा लिब्रेत दोन बाजू असतात. तेक्निको म्हणजे नियमाने, कौशल्याने लढणारे आणि रुदो म्हणजे चावणारे, पंचाची पाठ वळली की लाथ घालणारे, समोरच्याचा मुखवटा फाडणारे. सांतो तब्बल वीस वर्षं, 1962 पर्यंत, रुदो होता. त्याचा जोडीदार गोरी गेरेरो, तोही तसाच. दोघांना 'अणुजोडी' म्हणायचे. प्रतिस्पर्ध्याला पालथा पाडून पाठीवर बसायचं, त्याचे हात आपल्या मांड्यांवर अडकवायचे आणि हनुवटीला धरून मान मागे खेचायची, हा डाव गोरीचा. सांतोने तो आपलासा केला. तुमच्यापैकी ज्यांनी शाळेत असताना टीव्हीवर अमेरिकन कुस्तीतल्या एडी गेरेरोला पाहिलंय, त्यांच्यासाठी सांगते, हा गोरी म्हणजे त्या एडीचे वडील.

माझ्या मते सांतोच्या आयुष्यातला सगळ्यात विलक्षण काळ म्हणजे 1952 नंतरची दहा वर्षं. त्या वर्षी होसे जी. क्रूझ या चित्रकार-प्रकाशकाने त्याच्यावर साप्ताहिक चित्रकथा काढायला सुरुवात केली. फोटो कापायचे, एकमेकांवर डकवायचे, त्यावर रेषा ओढायच्या, अशी ती पानं. त्यात सांतो गरिबांचा वाली, भुताखेतांना पळवून लावणारा, देवभोळा. कोपऱ्यावरच्या टपरीवर पोरं ती घ्यायला गर्दी करायची. आणि त्याच आठवड्यात अरेनात तोच चंदेरी मुखवटा कुणाचं तरी डोकं खांबावर आपटत असायचा. पोरांना यात काही विसंगत वाटलं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हे प्रेक्षक भोळे असते तर एकाच माणसाची ही दोन रूपं त्यांना पेलली नसती. पान आणि आखाडा यांतला फरक त्यांना नीट कळत होता, आणि दोन्हीकडे ते सारख्याच जिवाने हजर होते.

त्याच साली, 7 नोव्हेंबरला, अरेना कोलिसेओत सांतो आणि ब्लॅक शॅडो यांची मुखवट्याविरुद्ध मुखवटा कुस्ती झाली. तीन डावांपैकी दोन जिंकायचे, वेळेची मर्यादा नाही. तासाहून जास्त चालली. ब्लॅक शॅडो दिसायला देखणा, उडी मारली की दोरांच्या वरून पलीकडे जाणारा, आणि त्याचा काळा मुखवटा तेव्हा लोकांचा अत्यंत लाडका होता. तो हरला. मुखवटा उतरला आणि आतून अलेहांद्रो क्रूझ नावाचा तरुण निघाला. मुखवट्याची पैज त्याआधीही लागत होती, पण ती इतकी मोठी होऊ शकते हे मेक्सिकोला त्या रात्री कळलं. ब्लॅक शॅडो पुढे अनेक वर्षं उघड्या चेहऱ्याने लढला, आणि चांगला लढला. तरीही त्याचं नाव काढलं की जुने लोक पहिल्यांदा त्या रात्रीबद्दलच बोलतात. त्याचा साथीदार ब्लू डीमन या पराभवाने पेटला आणि 1953 मध्ये त्याने सांतोकडून वेल्टरवेट गटाचं जागतिक अजिंक्यपद हिसकावलं. ते वैर गोष्टीपुरतं नव्हतं असं म्हणतात. पुढे दोघांनी सिनेमांत खांद्याला खांदा लावून राक्षस मारले, तरी.

सिनेमांबद्दल थोडक्यात बोलते, कारण माझं प्रेम त्यांच्यावर तितकंसं नाही. पन्नासहून जास्त झाले. पहिल्या दोनांचं चित्रीकरण 1958 मध्ये क्यूबात झालं, क्रांतिकारक हवानात शिरायच्या अगदी तोंडावर. त्यानंतर सांतोने रक्तपिपासू बायका, वेडे शास्त्रज्ञ, ममी, परग्रहावरचे लोक, सगळ्यांशी दोन हात केले. बजेट तुटपुंजं, चित्रीकरण घाईचं. पण त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. सांतो सूट घालून पार्टीला येतो, मोटार चालवतो, पोलीस अधिकाऱ्याशी फोनवर बोलतो, आणि मुखवटा चेहऱ्यावर तसाच. कुणी त्याला एका शब्दाने विचारत नाही. आपल्याकडे दारासिंग साधारण याच काळात आखाड्यातून पडद्यावर आले, पण त्यांचा चेहरा सगळ्यांना ठाऊक होता. सांतोला हसणं, रागावणं, दुःख, सगळं मानेने आणि खांद्यांनी दाखवावं लागलं.

आणि आता मूळ मुद्द्यावर येते. कॅमेरा बंद झाल्यावरही त्याने मुखवटा काढला नाही. सिनेमाच्या युनिटबरोबर परदेशी जायचं असलं की तो वेगळ्या विमानाने जायचा, कारण विमानतळावर पासपोर्ट तपासताना मुखवटा काढावा लागणार आणि बरोबरच्या लोकांना चेहरा दिसणार. चारचौघांत जेवायला त्याने वेगळा मुखवटा करून घेतला होता, हनुवटीपाशी मोकळा, म्हणजे तोंड नीट हलावं. विचार करा, एक माणूस वर्षानुवर्षं रोजच्या जेवणाला सुद्धा आपल्या कामाचा नियम पाळतो. याला मी खोटं कसं म्हणू? आखाड्यातला निकाल त्याने ठरवला नसेल, कुस्त्या भरवणाऱ्यांनी ठरवला असेल. हे मात्र त्याने स्वतः ठरवलं आणि चार दशकं निभावलं. त्यासाठी कुणी तिकीट काढलं नव्हतं.

इथे वर्गातली मुलं हमखास अमेरिकन कुस्तीतल्या मुखवटेवाल्या रे मिस्टेरिओला आणतात. आणू देत, उदाहरण चांगलं आहे. तो जन्माने कॅलिफोर्नियाचा, पण घडला सीमेपलीकडच्या तिहुआनात, काकांच्या तालमीत. 1999 मध्ये कुस्त्या भरवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीत त्याचा मुखवटा उतरवला गेला. तिथल्या लोकांना वाटलं, चेहरा दिसला तर पोरगा जास्त खपेल. 2002 मध्ये दुसऱ्या कंपनीत तो पुन्हा मुखवट्यात आला आणि जगभर लोकप्रिय झाला, आपल्याकडे सुद्धा. मेक्सिकोतल्या जुन्या चाहत्यांना मात्र हे खटकलं. गेलेला मुखवटा परत येतो म्हटल्यावर ब्लॅक शॅडोने जे गमावलं त्याचं काय? मला मिस्टेरिओ आवडतो. पण या बाबतीत मी त्या जुन्या चाहत्यांच्या बाजूची आहे.

सांतो 1982 मध्ये निवृत्त झाला. शेवटच्या कुस्तीत त्याच्या बाजूने जुना जोडीदार गोरी गेरेरो उभा होता. सांतो तेव्हा पासष्टीला टेकला होता. मग जानेवारी 1984 च्या शेवटी, दूरचित्रवाणीवरच्या एका चर्चेच्या कार्यक्रमात, कुणाला काही कल्पना नसताना त्याने हात वर नेला आणि मुखवटा सरकवून चेहऱ्याचा काही भाग दाखवला. कुणी हरवलं नव्हतं, कुणी फाडला नव्हता. असं का केलं यावर मेक्सिकोत आजही वाद घालणारे भेटतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 5 फेब्रुवारीला, मेक्सिको सिटीच्या तेआत्रो ब्लान्कीता या नाट्यगृहात प्रयोग करून आल्यावर त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. सहासष्ट वर्षांचा होता. त्याला मुखवट्यासह पुरलं. ब्लू डीमन 2000 साली वारला, त्यालाही मुखवट्यासह पुरलं. त्याचा मुखवटा कुणी कधी जिंकू शकलं नाही.

मुखवटा पुढे कुठे कुठे गेला, ते सांगायला बसले तर वेगळा लेख होईल. 1985 च्या भूकंपाने मेक्सिको सिटीत असंख्य घरं पाडली, आणि काही वर्षांत लाल-पिवळ्या मुखवट्यातला सुपरबारिओ नावाचा माणूस भाडेकरूंच्या मोर्चांत पुढे चालू लागला, घरं रिकामी करायला आलेल्यांच्या समोर उभा राहू लागला. तो आखाड्यातल्या कुणाशी लढत नव्हता. पण लोकांनी त्याला ओळखलं ते सांतोमुळे. अशा गोष्टी सगळ्या मोजायला घेतल्या तरच 2018 मध्ये मेक्सिको सिटीने लुचा लिब्रेला शहराचा अमूर्त सांस्कृतिक वारसा का म्हटलं ते लक्षात येतं.

सांतोच्या धाकट्या मुलाला वडिलांचाच मार्ग धरायचा होता. वडिलांची अट एकच, आधी विद्यापीठाची पदवी. मुलाला धीर धरवला नाही, त्याने 1982 मध्ये दुसऱ्याच नावाने, दुसरा मुखवटा घालून गुपचूप लढायला सुरुवात केली. पदवीही घेतली. त्यानंतर चंदेरी मुखवटा त्याला मिळाला आणि तो 'सांतोचा मुलगा' याच नावाने लढला. वडील आडदांड, तर हा मुलगा चपळ, स्वच्छ डाव करणारा, आणि निव्वळ कुस्ती म्हणून पाहिलं तर मला तो वडिलांपेक्षा सरस वाटतो. काकांना कधी काही दाखवायचं ठरलं, तर मी त्याच्या कुस्तीपासून सुरुवात करीन.