आमची वाटचाल : सांगलीतला मेकॅनिक्सचा क्लास

2008च्या जूनमध्ये गावभागात, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघांनी क्लास सुरू केला. भागीदाराकडे गणित, माझ्याकडे फिजिक्स. तेव्हा इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचं नाव एआयईईई होतं, जेईई मेन झालं ते 2013ला. नाव बदललं, पण अकरावीला जून ते दिवाळी फक्त मेकॅनिक्स, म्हणजे फिजिक्समधला बल आणि गतीचा भाग, हा आमचा नियम बदलला नाही.

पहिलं सामान म्हणजे एक मीटरची सागवानी फळी, लाकडी ठोकळा, बॉलबेअरिंगची पुली आणि वजनं. फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं. साधारण 37 सेंटिमीटर उंचीला ठोकळा सुटायचा. तेव्हा पाया 93 सेंटिमीटर भरतो, भागाकार 0.4. तोच घर्षणांक. एकदा सुटलेला ठोकळा मध्येच का थांबत नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं: गतिज घर्षण (सरकत्या वस्तूवरचं) स्थितिक घर्षणापेक्षा (थांबलेल्या वस्तूवरच्या) कमी असतं. फळीला घामाचा हात लागला किंवा वर खडूची भुकटी पडली की उत्तर बदलतं, म्हणून प्रत्येक वेळी कोरड्या कापडानं पुसून घ्यायची.

2011 ते 2018 बॅचेस भरत राहिल्या, निकाल येत राहिले.

मग 2019चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली आणि आमच्या खोल्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरलं तेव्हा बाकांवर चिखलाचा थर होता, पुलीचं बेअरिंग गंजलं होतं, छापलेल्या शीट्सचा लगदा झाला होता. तासगावचे एक द्राक्ष बागायतदार पालक, ज्यांची थोरली दोन मुलं आमच्याकडून शिकून गेली होती आणि धाकटी तेव्हा अकरावीत होती, ते फवारणीचा ट्रॅक्टर घेऊन आले. ब्लोअरच्या टाकीतल्या पाण्यानं दोन्ही खोल्या धुऊन काढल्या. म्हणाले, "सर, तुम्ही जागा बघा. पोरगी कुठं पाठवायची ते मी बघतो." त्यांची फी दरवर्षी बेदाण्याचा सौदा झाल्यावर यायची, आणि एकदाही मागावी लागली नाही. त्या वर्षी मात्र त्यांनी सगळी फी सप्टेंबरातच आणून दिली.

आम्ही विश्रामबागेत भाड्यानं हॉल घेतला. पण त्याच महिन्यात शहरात बाहेरून एक मोठा क्लास आला. कॉलेज आणि क्लास एकाच छताखाली, एसी खोल्या, चौकाचौकात होर्डिंग. आमचा भागीदार तिकडे गेला. जाताना आमच्या प्रश्नांच्या शीट्सही घेऊन गेला. दिवाळीपर्यंत 62 मुलांची बॅच 19वर आली.

शीट्स आमच्याच होत्या हे कळायला वेळ लागला नाही. घर्षणाच्या शीटवर 37वा प्रश्न असा होता: 5 किलोचा ठोकळा सपाट पृष्ठभागावर ठेवलाय, 10 न्यूटनचं आडवं बल लावलं तर घर्षण किती? स्थितिक घर्षणांक 0.4. गुरुत्व त्वरण 10 धरलं की ठोकळ्याचं वजन 50 न्यूटन, आणि घर्षणाची मर्यादा 0.4 गुणिले 50 म्हणजे 20 न्यूटन. लावलेलं बल त्याहून कमी, म्हणून ठोकळा हलत नाही आणि घर्षण 10 न्यूटन. दहातली सहा-सात मुलं डोळे झाकून 20 लिहितात, त्यासाठीच तो प्रश्न घातला होता. आमच्या छपाईत 0.4चं 0.04 झालं होतं. 0.04 धरलं तर मर्यादा 2 न्यूटनच उरते, ठोकळा सरळ सरकतो आणि 10 हे उत्तर चूक ठरतं. त्या नव्या क्लासच्या चकचकीत मॉड्यूलमध्ये तोच प्रश्न, तोच 0.04 आणि उत्तर 10. ज्यांनी ते छापलं त्यांनी तो प्रश्न एकदाही सोडवून पाहिला नव्हता. आमच्या कष्टांवर दुसऱ्याचा लोगो लागला, हे मी आजही विसरलेलो नाही.

जानेवारीपासून तिकडची मुलं एकेक करून शंका विचारायला येऊ लागली. सूत्रं तोंडपाठ, आकृती मात्र शून्य. 3 आणि 2 किलोची वजनं पुलीवरून सोडली तर दोरीतला ताण किती, विचारलं की उत्तर यायचं 30 न्यूटन. ताण 30 असेल तर 3 किलोचं वजन जागचं हलणारच नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं. खरं उत्तर: त्वरण 2 मीटर प्रति सेकंद वर्ग, ताण 24 न्यूटन. पुली वजनदार असेल, समजा 2 किलोची तबकडी, तर दोन्ही बाजूंचे ताणही वेगळे: 25 आणि 23.3. रोटेशन, म्हणजे फिरत्या वस्तूंचा धडा, इथूनच सुरू करायचं असतं. राज्य मंडळानं ते बारावीत ठेवलंय, एनसीईआरटीत अकरावीतच आहे. आम्ही अकरावीलाच घेतो, न्यूटनचे नियम ताजे असताना.

पालकांनी विचारलं नाही तरी सांगतो. पाच पुस्तकं आणू नका, एकच आणा आणि त्यातली प्रत्येक न्यूमेरिकल एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एका वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) काढून सोडवून घ्या. आकृतीतल्या प्रत्येक बाणाला "हे बल कोण लावतंय?" असं विचारायचं. नाव सांगता आलं नाही तर तो बाण खोडायचा. वस्तुमान गुणिले त्वरण हे वेगळं बल म्हणून काढणारं मूल पुढे वर्तुळाकार गतीत हमखास अडकतं. चुकांची वही ठेवा, पण त्यात उत्तर लिहू नका. चूक कुठं झाली तेवढंच लिहा: चिन्ह, घटक पाडताना साइन-कोसाइनची अदलाबदल, एकक, की प्रश्नच नीट वाचला नाही. जेईई मेनला 180 मिनिटांत 75 प्रश्न. दोन मिनिटांत आकृती उभी राहिली नाही तर पुढे सरकायचं. राज्याच्या सीईटीला उणे गुण नाहीत, तिथं एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.

2020ला लॉकडाउनमध्ये मोबाइल स्टँडला लावून फळीचे प्रयोग दाखवले. पुढच्या दोन वर्षांत बॅच पुन्हा भरली. तासगावची ती मुलगी सांगलीतच वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला गेली.

फळी पुराच्या पाण्यात मध्ये वाकली. सुतार म्हणाला, नवी घ्या. नवी घेतली, पण जुनी टाकली नाही. तिचं टोक उचललं की ठोकळा वरून सुटतो आणि खालच्या अर्ध्यात येऊन थांबतो. का थांबला, एवढाच प्रश्न असतो. वरच्या भागात उतार जास्त, खालच्या भागात कमी. जिथं उताराचा टॅन (उंची भागिले पाया) गतिज घर्षणांकाच्या खाली जातो तिथून ठोकळ्याचा वेग उतरायला लागतो. मुलांनी पट्टी लावून ती जागा शोधायची आणि मग दोन्ही भागांची वेगवेगळी एफबीडी काढायची. या जूनच्या बॅचलाही पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न असेल.